पंधरा मिनिटांची ओळ

मंदाकिनी वडके या बाईंना स्लोव्हेन भाषा येत नाही आणि बंगालीही येत नाही. तरीही या दोन भाषा शेजारी शेजारी ठेवून त्यांनी जेवढ्या बारकाईने पाहिल्या, तेवढ्या पुण्यात दुसऱ्या कुणी पाहिल्या असतील असं मला वाटत नाही. हे मी कौतुकाने सांगतोय असं समजू नका. मी चिडून सांगतोय, आणि चिडायला मला कारण आहे.

मी श्रीनिवास. बुधवार पेठेत स्पीकर आणि वायरींच्या दुकानांवर, दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. मिक्सर, पंखे, पाण्याचे पंप अशा यंत्रांच्या खोक्यात जी माहितीपुस्तिका येते, जी कुणी वाचत नाही, ती आम्ही चौदा-पंधरा भाषांत मांडून देतो. भाषांतर बाहेरून येतं. पानं लावायची, तपासायची आणि छापखान्यात पाठवायची हे आमचं काम. मी तिथे मराठीचा मुद्रितशोधक. वय एकसष्ट. चाळीस वर्षं मराठी तपासतोय. हॉटेलच्या पाटीवर 'शुद्ध शाकाहारी'मधला ऱ्हस्व-दीर्घ चुकला असेल तर मी आत जेवायला जात नाही, आणि बायको म्हणते म्हणूनच तुम्ही वाळलात.

मंदाकिनीबाई माझ्या शेजारच्या टेबलावर. बावन्न वर्षांच्या, कसबा पेठेतल्या. वडील तांब्याची भांडी ठोकायचे. त्या सांगायच्या की वडिलांकडे मोजपट्टी होती, पण ती खिळ्याला टांगलेली. दोन हंडे समोर ठेवायचे आणि डोळे बारीक करून एकाकडून दुसऱ्याकडे बघायचे. ठोक्यांच्या ओळीत एक ठोका कमी असला तरी त्यांना दिसायचा. बाईंचं शिक्षण बारावी. मग टायपिंग, मग डीटीपी, आणि आता सत्तावीस वर्षं हेच. डाव्या हाताच्या मनगटापासून कोपरापर्यंत त्यांची कातडी गुळगुळीत, चकचकीत आहे. लग्नानंतर पहिल्याच वर्षी कुकरचं झाकण घाईने उघडलं होतं. त्याबद्दल त्या आपणहून कधी बोलत नाहीत. मला ते ऑफिसातल्या दुसऱ्या बाईंकडून कळलं.

गेल्या वर्षी श्रावणात वाफेच्या यंत्राचं काम आलं. सर्दी झाली की वाफ घ्यायची ती प्लास्टिकची यंत्रं, भोसरीतल्या एका कारखान्याची. आठ युरोपातल्या भाषा आणि सहा आपल्याकडच्या, सगळ्या एकाच पुस्तिकेत. भाषा वाटून घेताना जर्मन, फ्रेंच ज्यांना शिकायची हौस होती त्यांनी उचलल्या. हिंदी आणि गुजरातीला लगेच गिऱ्हाईक मिळालं. मराठी अर्थातच माझी. शेवटी स्लोव्हेन आणि बंगाली उरल्या, त्या मंदाकिनीबाईंच्या पुढ्यात पडल्या. आमचे मालक सौमित्र, वय अडतीस, हातात कायम फोन. ते म्हणाले, "मॅडम, या दोन तुम्ही मॅनेज करा. चेकिंग फॉर्मॅलिटीच आहे, भाषांतरवाल्यांनी ओके दिलंय."

"फॉर्मॅलिटी असेल तर सही तुम्हीच करा," बाई म्हणाल्या, आणि पानं घेऊन गेल्या.

आता त्यांची पद्धत सांगतो, कारण सगळं पुढे त्यावरच आलं. न येणारी भाषा त्या इंग्रजीशी ताडून बघत नाहीत. न येणाऱ्या दोन भाषा एकमेकींशी ताडून बघतात. दोन्ही पानं टेबलावर चिकटपट्टीने लावायची, पुडीचा पांढरा दोरा या पानावरून त्या पानावर ताणायचा आणि दोरा एकेक ओळ खाली सरकवत मोजत जायचं. परिच्छेद किती, आकडे किती, पूर्णविराम किती. मी एकदा विचारलं, अहो, इंग्रजी ठेवा ना समोर. तर म्हणाल्या, "इंग्रजी थोडी कळते हो. कळलं की माणूस वाचायला लागतो, आणि वाचायला लागला की मोजायचं विसरतो."

मी हसलो होतो तेव्हा. मनात म्हटलं, वाचता येत नाही त्याचं तत्त्वज्ञान करून ठेवलंय.

मला राहवलं नाही म्हणून मी फोनवर शोधून त्यांना ज्ञान द्यायला गेलो. म्हटलं, बाई, स्लोव्हेनमध्ये द्विवचन आहे बरं का. आपल्या संस्कृतातलं द्विवचन आपण घालवून बसलो, आणि तिकडे युरोपात एवढासा देश, तो ते अजून रोज बोलतो. आणि बंगालीत नामांना लिंगच नाही. टेबल तो की ते, हा प्रश्नच नाही त्यांना. बाईंनी दोऱ्यावरचं बोट न हलवता ऐकून घेतलं.

"त्याने ओळ बसते का चौकटीत?" त्यांनी विचारलं.

मला राग आला. चाळीस वर्षं भाषेत घालवलेल्या माणसाला असं विचारायचं? पण आठवड्याभरात त्यांनीच मला दोन्ही भाषांबद्दल अशा गोष्टी सांगितल्या ज्या मला फोनवर सापडल्या नव्हत्या. म्हणाल्या, स्लोव्हेनवाल्यांना जे करू नका म्हणायचं असतं त्यात 'ने' हा शब्द वाक्याच्या तोंडाशी येतो. बंगालीवाले शेवटपर्यंत सगळं सांगतात आणि मग आपल्यासारखं 'ना' म्हणतात. स्लोव्हेन अक्षरांच्या डोक्यावर चिमणीच्या चोचीसारख्या खुणा असतात, म्हणून ओळीला वरून थोडी जागा लागते. बंगालीला वरून लागते आणि खालूनही लागते. बंगालीचा चार इंग्रजी आठासारखा दिसतो आणि सात नवासारखा, त्यामुळे आकडे मोजताना फसायला होतं. आणि मिनिट हा शब्द दोघांकडे जवळजवळ सारखा. 'ना'सोबत तोही त्यांनी बंगालीत ओळखायला शिकून घेतला होता.

त्या एका शब्दाने सगळा घोळ बाहेर आला.

गुरुवारी दुपारी त्यांनी दोरा सोडला आणि माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, "स्लोव्हेनमध्ये मिनिट तीनदा आहे. पाच, दहा आणि पंधरा. बंगालीत दोनदाच. पंधरा नाही."

मी इंग्रजी प्रत काढून पाहिली. धोक्याच्या सूचना अकरा होत्या. अकराव्या सूचनेत दुसरं वाक्य होतं, की प्लग काढल्यावर पंधरा मिनिटं थांबावं आणि मगच झाकण उघडावं, नाहीतर आत कोंडलेली वाफ अंगावर येते. स्लोव्हेनमध्ये अकराव्या सूचनेत दोन पूर्णविराम, बंगालीत पूर्णविरामाची एकच दांडी. बाईंनी पान उचललं आणि थेट सौमित्रांच्या केबिनमध्ये गेल्या. दार उघडंच होतं, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

सौमित्र म्हणाले, बंगाली आटोपशीर भाषा आहे, दोन वाक्यांचं एक केलं असेल. बाई म्हणाल्या, आकडा कुठे गेला मग? सौमित्र म्हणाले, अक्षरात लिहिला असेल. बाई म्हणाल्या, पाच आणि दहा आकड्यात आहेत. सौमित्र म्हणाले, मॅडम, भाषांतर बंगाली माणसाने केलंय, दुसऱ्या बंगाली माणसाने ओके केलंय, तुम्हाला बंगाली येत नाही, उद्या फाइल छापखान्यात जायचीय, आणि कारखानेवाले आधीच फोन करून डोकं खातायत. तुम्ही प्लीज सही करा.

"मी करणार नाही," बाई म्हणाल्या आणि बाहेर आल्या.

खरं सांगायचं तर मीही त्यांच्या बाजूने उभा राहिलो नाही. उलट चेष्टा केली. म्हटलं, अहो, बंगाली माणूस कदाचित मुळातच झाकण उघडायला उशीर करत असेल. त्या हसल्या नाहीत. संध्याकाळपर्यंत ते पान त्यांच्या टेबलावर सहीशिवाय पडून होतं. आमच्याकडे प्रत्येक भाषेच्या पानामागे सहीचा कागद असतो. परदेशी भाषेवर आणि बंगालीसारख्या कुणाला न येणाऱ्या भाषेवर एकच सही लागते. हिंदी, गुजरातीवर दोन. मराठी सगळ्यांनाच येते म्हणून मराठीवर ऑफिसातले सगळे सह्या करतात, सहा. पहिली सही माझी, चाळीस वर्षांच्या हक्काची. बाकीचे पाच जण माझी सही बघून खाली सह्या करतात. ही आमच्या ऑफिसची पद्धत, आणि मला तिचा अभिमान होता.

शुक्रवारी जेवायच्या सुट्टीत बाईंनी डबा उघडलाच नाही. "श्रीनिवासराव, येता का?" एवढंच म्हणाल्या. मी गेलो, कारण बाहेर ऊन नव्हतं आणि मला त्यांची फजिती बघायची होती. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं तेच आहे. सोन्याचांदीच्या दुकानांमागच्या बोळात बंगाली कारागीर बसतात. तीस-तीस वर्षं ते पुण्यात आहेत, त्यांची मुलं इथल्याच शाळांत जातात. एका खोलीत चार जण मांडी घालून काम करत होते. त्यातल्या सगळ्यात वयस्कर माणसासमोर बाईंनी पान धरलं. म्हणाल्या, "दादा, हे शेवटचं तेवढं वाचून सांगा."

त्याने चिमटा खाली ठेवला, हात पुसले, चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं. मग मोडक्या मराठीत सांगितलं, यंत्र चालू असताना हलवू नका, बस. बाईंनी विचारलं, पंधरा मिनिटं कुठे लिहिलंय का? त्याने पान वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचलं. "पंद्रह मिनट कहीं नहीं है, दीदी," तो म्हणाला.

परत येताना दगडूशेठ गणपतीपाशी इतकी गर्दी होती की आम्हाला एकमेकांमागे चालावं लागलं. बाई पुढे होत्या. मागे वळून त्यांनी एक शब्दही मला ऐकवला नाही. ऐकवला असता तर बरं वाटलं असतं.

ऑफिसात येऊन त्यांनी अभिनवला बोलावलं. अभिनव आमचा पानं लावणारा, यवतमाळचा, सव्वीस वर्षांचा, कानात कायम काहीतरी खुपसलेलं. "सिरियसली?" म्हणत त्याने बंगालीची फाइल उघडली. मजकुराच्या चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात लाल रंगाची बारीक अधिकची खूण होती. त्याचा अर्थ, चौकटीत मावला नाही तो मजकूर खाली लपलाय. तो पडद्यावर दिसत नाही, छापून येत नाही, आणि कुणी खूण बघितली नाही तर कुणाला कळतही नाही. बंगालीला वर-खाली जागा जास्त लागते, त्यामुळे शेवटची ओळ चौकटीबाहेर गेली होती. भाषांतर बरोबर होतं. ओके करणाराही बरोबर होता, त्याच्याकडे मजकूर गेला होता, पान गेलं नव्हतं. अभिनवने अक्षर अर्ध्या पॉइंटने कमी केलं आणि ओळ वर आली. बाईंनी छापून घेतलं, दोरा लावला, मिनिट तीनदा मोजलं आणि सही केली.

मग त्या सौमित्रांना म्हणाल्या, "बाकीची पानंही उघडून बघा. लाल खूण आणखी कुठे असेल."

सौमित्र वैतागले. बाकीच्या फाइली सकाळीच छापखान्यात गेल्या होत्या. त्या परत मागवायच्या म्हणजे दोन दिवस गेले. "कुणाला आपल्या भाषेबद्दल डाउट आहे का?" त्यांनी सगळ्यांना विचारलं. कुणी मान वर केली नाही. बाई माझ्याकडे बघत होत्या.

मी म्हटलं, "मराठीची काळजी सोडा. मराठी मी अक्षरन् अक्षर वाचलीय. तिच्यात तुम्हाला ऱ्हस्व-दीर्घसुद्धा सापडायचा नाही."

आणि ते खरं होतं. मी मराठीवर तीन दिवस घालवले होते. भाषांतर कोरडं होतं, 'पाणी भरा', 'लांब ठेवा', असं हुकूम सोडल्यासारखं. विकत घेणाऱ्या माणसाशी असं बोलतात का? मी अकराच्या अकरा सूचनांच्या आधी 'कृपया' घातलं. 'भरा'चं 'भरावे' केलं, 'लांब'चं 'सुरक्षित अंतरावर' केलं. अभिनवला दुरुस्त्या दिल्या आणि त्याच दमात सही केली. दुरुस्त्या चढवल्यावर पान पुन्हा बघायचं असतं. पण दुरुस्ती माझी, मराठी माझी, त्यात काय बघायचं?

दसऱ्याला कारखान्याने आम्हा सगळ्यांना एकेक यंत्र भेट पाठवलं. बाईंनी त्यांचं कुणाला तरी देऊन टाकलं. मी माझं मुलीला दिलं. स्पृहा सिंहगड रोडला राहते, तिचा मुलगा दीड वर्षाचा, थंडी सुरू झाली की त्याचं नाक वाहतं. खोकं देताना मी पुस्तिकेतलं मराठी पान उघडून दाखवलं. म्हटलं, हे बघ, तुझ्या बापाचं काम, आधी नीट वाच आणि मगच वापर.

डिसेंबरात एका रविवारी सकाळी जावयांचा फोन आला. आम्ही दवाखान्यात गेलो. मुलगा ठीक होता, आजीच्या कडेवर बसून बिस्कीट खात होता. स्पृहाचा उजवा हात बोटांपासून मनगटाच्या वरपर्यंत बांधलेला होता. वाफ देऊन झाली, प्लग काढला, पाणी ओतून टाकावं म्हणून तिने झाकण फिरवलं, आणि वाफ हातावर आली. डॉक्टर म्हणाले बरं होईल, पण डाग राहील.

मी काय केलं असेल? मी ओरडलो तिच्यावर. प्लग काढल्या काढल्या झाकण उघडतात का, पंधरा मिनिटं थांबायचं असतं, एवढी शिकलेली तू.

"बाबा, कुठे लिहिलंय तसं?" ती म्हणाली. "तुम्ही सांगितलंत म्हणून मी सगळं वाचलं होतं. दोनदा."

मी तिच्या घरी जाऊन खोकं काढलं. स्वयंपाकघरातल्या ओट्यापाशी उभं राहून मराठी पान वाचलं. एकही शब्द चुकलेला नव्हता. अकरा सूचना, अकरा कृपया. अकरावी सूचना 'कृपया यंत्र चालू असताना हलवू नये' इथे पूर्णविरामाने संपत होती, आणि तिच्याखाली चौकटीची रेघ. माझ्या 'कृपया'ने आणि 'सुरक्षित अंतरावर'ने मजकूर फुगला होता, आणि शेवटची ओळ रेघेखाली गेली होती. मी पानं उलटली. बंगालीत तो मिनिट शब्द मलाही आता ओळखता येत होता. तीनदा होता. स्लोव्हेनमध्येही तीनदा. ज्या दोन भाषा त्या घरात कुणालाच वाचता येत नव्हत्या, त्यांत ओळ जागच्या जागी होती.

सोमवारी मी ऑफिसात गेलो आणि पुस्तिका मंदाकिनीबाईंच्या टेबलावर ठेवली. मराठी पान उघडून. काय झालं ते सांगितलं. त्यांनी दोरा काढला नाही, बोटानेच तीन ठिकाणं शोधली, दोनच सापडली. उजव्या हाताने त्या डाव्या हाताचा तो चकचकीत भाग चोळत होत्या, बहुतेक त्यांना कळतही नव्हतं.

"कोणता हात?" त्यांनी विचारलं.

"उजवा."

त्यांनी मान हलवली. मी वाट बघत होतो. त्यांनी मला बोलावं, टोचून बोलावं, तुमचं द्विवचन कुठे गेलं असं विचारावं, अशी माझी फार इच्छा होती. त्या उठल्या, कपाटातून सह्यांची फाइल काढली आणि मराठीचा कागद शोधला. सहा सह्या एकाखाली एक. सगळ्यात वर माझी, तिच्या वेलांटीसकट. सगळ्यात खाली त्यांची, बारीक अक्षरातली.

"माझीही आहे," त्या म्हणाल्या. "मी हे पान मोजायला घेतलं होतं. दोरासुद्धा लावला होता. मग वर तुमची सही दिसली."

एवढं बोलून त्यांनी कागद फाइलमध्ये परत लावला. मी सौमित्रांच्या केबिनकडे गेलो, छापलेल्या सगळ्या पुस्तिका परत मागवा असं सांगायला. ते फोनवर होते. त्यांनी मला हाताने थांबायची खूण केली, आणि मी दारात उभा राहिलो.